संगणकाचे घर

संगणकाच्या आतील भागांविषयी सर्वजण बोलतात. पण ते भाग ज्या पेटीत बसवतात, त्या पेटीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. या पेटीला बाजारात 'कॅबिनेट' म्हणतात. घरी संगणक जोडताना कॅबिनेट कसे निवडावे, हे एका यंत्रमाग कामगाराच्या कुटुंबातील प्रसंगातून या पाठात सांगितले आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सातवीत होतो. आम्ही भिवंडीला राहतो. अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात काम करतात. आमच्या गल्लीत दिवसभर मागांची खडखड चालू असते. कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या जाळीवर संध्याकाळपर्यंत पांढरा थर जमतो.

माझी मोठी बहीण, म्हणजे आपा, त्या वेळी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती घरी बसून उर्दू पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे काम करत असे. संगणकावर इनपेज उघडले, की तिची बोटे भराभर चालत आणि पडद्यावर नस्तालिक लिपीतील सुंदर ओळी उमटत. या कामाच्या पैशांतून ती कॉलेजची फी भरत असे.

एप्रिल महिन्यात आमचा जुना संगणक त्रास देऊ लागला. पंधरा मिनिटे चालला, की तो आपोआप बंद पडे. एका रात्री आपाने जुळवलेली बारा पाने अशीच गेली. छापखान्याच्या मालकांनी निरोप पाठवला, "आठ दिवसांत काम मिळाले नाही, तर पुस्तक दुसरीकडे द्यावे लागेल." त्या रात्री आपा जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मामू आले. ते कल्याणला संगणक दुरुस्तीचे काम करतात. त्यांनी कॅबिनेटची बाजूची पट्टी काढली. आत पाहून आम्ही चकित झालो. पंख्याच्या पात्यांवर तंतूंचा जाड थर बसला होता. जणू कोणी आत लोकर भरून ठेवली होती!

मामू म्हणाले, "याचा श्वास कोंडला आहे. संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी सारी शेवटी उष्णता बनते. शंभर वॉटचा जुना पिवळा दिवा बंद पेटीत पेटवून ठेवला, तर पेटी किती तापेल? इथे तसेच झाले आहे. प्रोसेसरचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की तो स्वतःला वाचवण्यासाठी काम थांबवतो."

"मग साफ केला, की चालेल ना?" आपाने विचारले.

मामूंनी मदरबोर्डवर बोट ठेवले. त्यावरील चार-पाच लहान गोल भाग वरून फुगले होते. वीज पुरवणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, त्यालाही करपल्याचा वास येत होता. मामू म्हणाले, "हार्ड डिस्क चांगली आहे. आपाची जुनी पुस्तके वाचली आहेत. बाकीचे मात्र नवीन घ्यावे लागेल."

घरात शांतता पसरली. अम्मीची भिशी त्याच महिन्यात लागली होती. पंचवीस हजार रुपये कपाटात होते. पण ते घराचे पत्रे बदलण्यासाठी ठेवलेले होते. पावसाळा जवळ आला होता. अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग ती उठली आणि पैशांची पिशवी तिने मामूंच्या हाती दिली. "पत्रे पुढच्या वर्षी बदलू. मुलीचे काम थांबायला नको," ती म्हणाली.

मामूंनी कागदावर यादी केली. तयार संगणक घेण्याऐवजी एकेक भाग घेऊन घरीच जोडायचा, असे ठरले. यादी वाचून मी विचारले, "मामू, कॅबिनेट कोणतेही चालेल ना? नुसती पेटीच तर आहे."

मामू हसले. "अरे, मदरबोर्ड पाच-सात वर्षांनी बदलावा लागेल. चांगले कॅबिनेट त्यानंतरही राहील. आणि घराला खिडकी नसेल, तर घरातली माणसे सुखी कशी राहतील?"

मग त्यांनी मला मापांची गंमत सांगितली. १९९५ साली इंटेल कंपनीने 'एटीएक्स' नावाचे एक प्रमाण ठरवले. त्यात मदरबोर्डचा आकार किती असावा आणि स्क्रूची भोके कोठे असावीत, हे निश्चित केले आहे. एटीएक्स बोर्ड ३०.५ सेंटिमीटर लांब व २४.४ सेंटिमीटर रुंद असतो. मायक्रो एटीएक्स बोर्ड चौरस असून त्याची प्रत्येक बाजू २४.४ सेंटिमीटर असते. मिनी आयटीएक्स बोर्ड तर फक्त १७ सेंटिमीटरचा चौरस असतो. या प्रमाणांमुळेच एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बरोबर बसतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसवता येतो. पण लहान कॅबिनेटमध्ये मोठा बोर्ड बसत नाही. म्हणून आधी बोर्ड ठरवावा आणि मग कॅबिनेट घ्यावे.

आम्ही मायक्रो एटीएक्स बोर्ड घेणार होतो. मामूंनी मला टेबलाखालचा कप्पा मोजायला सांगितला. मी मोजपट्टी घेऊन मोजले. उंची ५० सेंटिमीटर, रुंदी २४ आणि खोली ४२. मी ते आकडे वहीत लिहून घेतले.

अब्बांनी एक दिवस सुट्टी घेतली. आम्ही तिघे बसने ठाण्याला आलो. तेथून लोकलने दादर आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. स्टेशनपासून जवळच लॅमिंग्टन रोड आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला होते. आज त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संगणकाच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची रांगच रांग होती.

बोर्ड, प्रोसेसर आणि मेमरी घेऊन झाल्यावर आम्ही एका दुकानात कॅबिनेट पाहू लागलो. तिथे एक कॅबिनेट पाहून माझे डोळे दिपले. पुढून काच, बाजूने काच आणि आत लाल, निळे, हिरवे दिवे लावलेले तीन पंखे! किंमत होती ४,२०० रुपये.

"मामू, हेच घेऊ या!" मी म्हणालो.

मामू काही बोलणार, एवढ्यात अब्बा पुढे आले. ते बराच वेळ त्या पेटीकडे पाहत होते. अब्बांनी आयुष्यात कधी संगणक चालवला नव्हता. त्यांनी दुकानदारांना शांतपणे विचारले, "भाई, याला वारा कुठून लागतो?"

दुकानदारांनी काचेच्या कडेची एक अरुंद फट दाखवली.

अब्बा माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, आमच्या मागाच्या मोटारीवर पंखा असतो. त्याची जाळी तंतूंनी भरली, की मोटार तापते. तापत राहिली, की जळते. मी रोज ती जाळी साफ करतो. इथे तर जाळीच्या जागी काच लावली आहे!"

मामूंचा चेहरा खुलला. "दूल्हाभाई, मी हेच सांगणार होतो," ते म्हणाले. त्यांनी खिशातून कागदाची एक पट्टी काढली आणि दुकानदारांना पंखे सुरू करायला सांगितले. दुकानदारांनी आनंदाने तसे केले. मामूंनी ती पट्टी काचेसमोर धरली. दिवे चमकत होते. पण पट्टी हलली नाही. फटीजवळ नेली, तेव्हा ती फक्त थोडी थरथरली.

शेजारी एक साधे काळे कॅबिनेट होते. त्याच्या पुढच्या बाजूला बारीक छिद्रांची लोखंडी जाळी होती. जाळीमागे १२० मिलिमीटरचा एक पंखा होता आणि तसाच एक पंखा पाठीमागे होता. मामूंनी पट्टी जाळीजवळ नेताच ती खेचली गेली आणि जाळीला चिकटून राहिली. पाठीमागे धरली, तर ती बाहेरच्या दिशेने फडफडू लागली.

"पाहिलेस?" मामू म्हणाले, "पुढून थंड हवा आत येते, गरम भागांवरून जाते आणि मागून बाहेर पडते. गरम हवा हलकी असते. म्हणून हवा बाहेर टाकणारा पंखा मागे वरच्या बाजूला असतो. पंखा मोठा असेल, तर तो हळू फिरूनही पुरेशी हवा देतो आणि आवाज कमी करतो."

मी विचारले, "पण जाळीतून तंतूही आत येतील ना?"

"चांगला प्रश्न विचारलास," मामू म्हणाले. त्यांनी कॅबिनेटची पुढची बाजू ओढून काढली. जाळीमागे एक पातळ गाळणी होती. ती सहज निघत होती व धुता येत होती. "धूळ कोठे अडकावी, हे आपण ठरवायचे. गाळणीवर अडकली, तर दोन मिनिटांत साफ होते. प्रोसेसरच्या पंख्यावर अडकली, तर काय होते ते आपण पाहिलेच आहे."

त्यानंतर मामूंनी आणखी काही गोष्टी तपासल्या. त्यांनी आतल्या पत्र्याच्या कडांवरून हलकेच बोट फिरवले. कडा धारदार असतील, तर हात कापतो आणि तारांचे आवरणही कापले जाते. त्यांनी बाजूची पट्टी अंगठ्याने दाबून पाहिली. फार पातळ पत्रा वाकतो आणि पंखा फिरताना गुणगुणतो. प्रोसेसरवरील पंख्याला पुरेशी उंची मिळते का आणि पुढेमागे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे झाले तर त्याची लांबी मावेल का, हेही त्यांनी मोजले.

दुकानदारांनी एक तिसरे कॅबिनेट दाखवले. त्यात एसएमपीएस बसवलेला होता आणि किंमत फक्त १,८०० रुपये होती. मला वाटले, हा तर फायद्याचा सौदा! मामूंनी त्या एसएमपीएसवरची चिठ्ठी वाचली. त्यावर बनवणाऱ्याचे नाव स्पष्ट नव्हते आणि हमीही नव्हती. मामू म्हणाले, "सोबत मिळणारा प्रत्येक एसएमपीएस वाईट असतो, असे नाही. पण ज्याच्यावर नाव नाही आणि हमी नाही, त्याच्या भरवशावर बाकीचे महागडे भाग सोडू नयेत."

आम्ही जाळीचे कॅबिनेट २,६०० रुपयांना घेतले. काचेच्या कॅबिनेटपेक्षा १,६०० रुपये वाचले. ते पैसे चांगल्या एसएमपीएससाठी उपयोगी पडले. परतताना मी थोडा नाराज होतो. अब्बांनी ते ओळखले. ते म्हणाले, "बेटा, काचेचे कॅबिनेटही लोक हौसेने घेतात. त्यांच्याकडे जागा असेल, स्वच्छ हवा असेल. आपल्या गल्लीत काय हवे, ते आपण पाहायचे."

त्याच संध्याकाळी जोडणीला सुरुवात झाली. मामूंनी मला आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायला सांगितले. अंगावर साठलेली स्थिर वीज पत्र्यात निघून जाते; नाहीतर तिच्यामुळे नाजूक भाग बिघडू शकतात. मग त्यांनी पत्र्यावर पितळेचे छोटे खुंट बसवले. त्यांना स्टँडऑफ म्हणतात. बोर्ड या खुंटांवर उभा राहतो. तो सरळ पत्र्याला टेकला, तर मागच्या बाजूने शॉर्टसर्किट होते. जिथे बोर्डाला भोक आहे, तिथेच खुंट लावायचा. इतर ठिकाणी लावायचा नाही. तारा त्यांनी बोर्डाच्या मागच्या बाजूने नेल्या, म्हणजे हवेच्या वाटेत काही आडवे येऊ नये.

आता कॅबिनेट टेबलाखालच्या कप्प्यात ठेवायचे होते. मी मोठ्या अभिमानाने वही काढली. कॅबिनेटची खोली ३८ सेंटिमीटर आणि कप्प्याची ४२. "बरोबर बसेल!" मी म्हणालो.

"आणि मागच्या तारा?" मामूंनी विचारले.

मी गप्प झालो. तारांना वळायला आठ-दहा सेंटिमीटर जागा लागते, हे मी विसरलो होतो. शिवाय कप्पा मागून बंद होता. मागून निघालेली गरम हवा तिथेच कोंडली असती. शेवटी अब्बांनी टेबलाच्या बाजूला एक लाकडी स्टूल ठेवले आणि त्यावर कॅबिनेट ठेवले.

मामूंनी बटण दाबले. संगणक सुरू झाला. आमचा जीव भांड्यात पडला. पण आपाने कॅबिनेटला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "मामू, मुंग्या आल्यासारखे वाटते!"

मामूंनी लगेच मुख्य बटण बंद केले. भिंतीवरील सॉकेटला तीन भोके होती. पण वरच्या मोठ्या भोकात अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. मामू म्हणाले, "एसएमपीएसमधून थोडी वीज पेटीच्या पत्र्यावर येते. अर्थिंग असेल, तर ती जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल, तर ती आपल्या शरीरातून वाट शोधते. आत एखादी तार सुटली, तर जिवावर बेतू शकते. याकडे कधीही कानाडोळा करू नये." दुसऱ्या दिवशी सकाळी परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतले. त्यानंतरच संगणक पुन्हा सुरू केला.

आपाने चार रात्री जागून काम पूर्ण केले. बाहेर उन्हाळा होता. पण संगणक एकदाही बंद पडला नाही. आठव्या दिवशी दुपारी ती स्वतः छापखान्यात जाऊन पाने देऊन आली. येताना तिच्या हातात दुसऱ्या पुस्तकाची हस्तलिखित प्रत होती.

त्या पावसाळ्यात आमचे छत दोन ठिकाणी गळले. अम्मीने खाली बादल्या ठेवल्या आणि एक शब्दही बोलली नाही. पुढच्या मे महिन्यात आपाने आपल्या कमाईतून नवे पत्रे आणले.

आज मी नववीत आहे. दर शुक्रवारी गाळणी काढून धुण्याचे काम माझ्याकडे आहे. ती पूर्ण वाळल्यावरच मी पुन्हा बसवतो. गाळणीवर जमलेला पांढरा थर पाहिला, की मला अब्बांचा प्रश्न आठवतो – "याला वारा कुठून लागतो?"

शब्दार्थ

यंत्रमाग – विजेवर चालणारा माग, पॉवरलूम
अक्षरजुळणी – छपाईसाठी मजकूर तयार करणे, कंपोजिंग
उष्णता – गरमी, हरारत
भिशी – अनेकांनी दरमहा पैसे जमा करून पाळीपाळीने घेण्याची पद्धत
प्रमाण – ठरवलेले माप, मेयार
गाळणी – धूळ अडवणारी बारीक जाळी
हमी – जामिनकी, गॅरंटी
परवानाधारक – लायसन्स असलेला
हस्तलिखित – हाताने लिहिलेले, कलमी

वाक्प्रचार

डोळे दिपणे – चमक पाहून थक्क होणे
जीव भांड्यात पडणे – काळजी दूर होणे
कानाडोळा करणे – दुर्लक्ष करणे
जिवावर बेतणे – प्राणावर संकट येणे

स्वाध्याय

प्र. १ ला. प्रत्येकी एका वाक्यात उत्तर लिहा.
(१) आपा घरी कोणते काम करत असे?
(२) अम्मीने भिशीचे पैसे कशासाठी ठेवले होते?
(३) एटीएक्स हे प्रमाण कोणत्या साली ठरले?
(४) अब्बांनी दुकानदारांना कोणता प्रश्न विचारला?

प्र. २ रा. कारणे लिहा.
(१) जुना संगणक पंधरा मिनिटांत बंद पडत असे.
(२) मामूंनी १,८०० रुपयांचे कॅबिनेट घेतले नाही.
(३) बोर्ड पितळेच्या खुंटांवर बसवतात.
(४) कॅबिनेट टेबलाखालच्या कप्प्यात ठेवले नाही.

प्र. ३ रा. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) कागदाच्या पट्टीचा प्रयोग मामूंनी कसा केला? त्यावरून काय समजले?
(२) अर्थिंग का आवश्यक असते?
(३) अब्बांना संगणक माहीत नव्हता. तरी त्यांची निवड योग्य ठरली. असे का झाले?

प्र. ४ था. वचन बदला.
पंखा, जाळी, तार, पेटी, भोक, खुंट

प्र. ५ वा. पाठातील चारही वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : शाळेतील संगणकाचे दुरून निरीक्षण करा. हवा आत जाण्याची व बाहेर पडण्याची जागा कोठे आहे, ते शिक्षकांच्या मदतीने ओळखा. कागदाची पट्टी धरून खात्री करा. पट्टी किंवा बोट आत घालू नका. आपले निरीक्षण पाच ओळींत मराठीत लिहा.